चौथ्या मात्रेला काही करायचं नसतं

सालसा नाचात चौथ्या मात्रेला काहीच करायचं नसतं. आठव्यालाही नाही. एक-दोन-तीन पाय टाकायचे, चौथी सोडून द्यायची. पाच-सहा-सात टाकायचे, आठवी सोडून द्यायची. एवढं साधं काम जमायला मला ११ आठवडे लागले, आणि त्यातले निदान चार मी फोन वाचण्यात घालवले.

माझं वय ४४. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. मूळ गाव येवलं. शाळेत असताना भजनी मंडळात तबल्याला बसायचो, त्यामुळे तालाचं आपल्याला काही अवघड जाणार नाही अशी घमेंड होती. केरवा तालही आठ मात्रांचाच की. धा गे ना ती, न क धी ना. पाचवीला खाली म्हणतात, पण खालीलाही बोट चाटेवर, तबल्याच्या काठावर, पडतंच. मात्रा आली आणि वाजवणारा गप्प बसला असं होत नाही. इथे गाणं पुढे पळतंय, मात्रा येतेय, आणि तुम्ही तिला हात लावायचा नाही. माझा पाय प्रत्येक चौथीला आपोआप उचलला जायचा. शिवाय वेग. मिनिटाला १८० मात्रांचं गाणं म्हणजे सालसात मध्यम समजतात, आणि त्यात आठ मात्रा पावणेतीन सेकंदांत उरकतात. तेवढ्यात पाय टाकायचे, समोरच्या बाईला कुठे वळवायचं ते ठरवायचं, ते तिला हातातून कळवायचं आणि शेजारच्या जोडीला धडकायचं नाही.

हे सगळं मी आपणहून ओढवून घेतलेलं नाही. क्लास हिने लावला होता, दोघांचा. कॉलेज रोडच्या आतल्या गल्लीत एका दुकानावरचा हॉल. सकाळी योगासनं, दुपारी मुलांच्या शिकवण्या, आणि सोमवार-बुधवार-शुक्रवार रात्री आठला आम्ही. तिसऱ्या आठवड्यात हिची टाच दुखायला लागली. डॉक्टरांनी दीड-दोन महिने उड्या-बिड्या बंद सांगितल्या. मी मनातून सुटलो होतो. पण ही म्हणाली, "तीन महिन्यांचे पैसे भरलेत. तुम्ही जा."

आता बायकोसोबत नाचणं वेगळं आणि ती घरी असताना परक्या बायकांचा हात धरणं वेगळं. नवरात्रात अख्खं नाशिक दांडिया खेळतं, तिथेही समोर अनोळखी माणूस येतो, पण मध्ये दोन टिपऱ्यांचं अंतर असतं. इथे सर दर दोन-तीन मिनिटांनी "पार्टनर चेंज" म्हणतात आणि सगळं वर्तुळ एक घर सरकतं. एका तासात कितीतरी जणींचा हात हातात येतो. बँकेतली, कॉलेजातली, डेंटिस्ट, आणि इंदिरानगरहून येणाऱ्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांना सगळे मॅडम म्हणायचे, सरसुद्धा. सर माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान. मी त्यांना सर म्हणायचो, ते मला सर म्हणायचे.

ही येईनाशी झाल्यावर मी रात्री वाचायला लागलो. जेवण झालं, भांडी झाली की फोन. जगभरचे नाचणारे लोक एकमेकांशी काय बोलतात, कशावरून भांडतात, नवख्याला काय सांगतात, सगळं. आमच्या धंद्यात नवीन जॉब आला की आधी ड्रॉइंग वाचायचं, मग पार्ट हातात घ्यायचा. मला वाटलं इथेही तसंच.

पहिला घोटाळा झाला तो 'ऑन वन' आणि 'ऑन टू'चा. आमच्या वर्गात पहिल्या मात्रेवर डावा पाय पुढे जातो, म्हणजे समेवरच. हे ऑन वन. दुसरे लोक दिशा बदलतात ती दुसऱ्या मात्रेवर. ते ऑन टू. त्यांचं म्हणणं असं की काँगा या उभ्या ढोलावर दुसऱ्या मात्रेला जी थाप पडते तिच्यावर पाय आला की नाच वाद्यांच्या आत शिरतो. न्यूयॉर्कमध्ये एडी टोरेस या नृत्यशिक्षकांनी ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या शिकवली. त्यामागे पॅलेडियम बॉलरूमचा वारसा सांगतात. १९६६ साली बंद पडलेलं ते नाचघर मॅम्बो या नाचाची पंढरी होतं. वाचायला हे फार सुंदर आहे. तबलजीला तर फारच. मी काँगा ऐकू लागलो, क्लावेचे, म्हणजे दोन लाकडी काठ्यांच्या लयीचे, पाच ठोके मांडीवर वाजवू लागलो, काउबेल ही घंटा कुठून शिरते ते शोधू लागलो.

पण त्या सगळ्या बोलण्यात एक सूर होता. ऑन वन म्हणजे बालवाडी. खरे नाचणारे ऑन टू नाचतात. हे कोणी इतक्या उघडपणे लिहीत नाही, पण वाचणाऱ्याला बरोबर कळतं. मग मी रात्री अकराला स्वयंपाकघरात, ओट्याला धरून, ऑन टू सुरू केलं. ऑन वन अजून आलेलं नव्हतं. बुधवारी वर्गात माझा पाय एकदा सम धरायचा, एकदा दुसरी मात्रा, आणि डेंटिस्टबाईंच्या बोटांवर मी इतक्या वेळा उभा राहिलो की पुढच्या फेरीत त्या माझ्यासमोर येताना हसून बूट घालून आल्या. सरांनी विचारलं, "सर, परवा बरं होतं. काय झालं?" मी सांगितलं. ते म्हणाले, "ते बरोबरच आहे. पुढच्या वर्षी करू." एवढंच. त्यांना स्वतःला दोन्ही येत होतं, आणि मला दीड महिन्यात ते त्यांनी एकदाही सांगितलं नव्हतं.

दुसरा घोटाळा याहून खोल गेला. लीड करणाऱ्या, म्हणजे जोडीत नाच चालवणाऱ्या, पुरुषांविषयी बायका जे लिहितात ते मी वाचलं. मनगट पिरगाळणारे, अंगठ्याने हात आवळून धरणारे, पाठीवरचा हात हळूहळू खाली नेणारे, 'नाही' म्हटल्यावर तोंड वाकडं करणारे. सगळं खरं असणार, आणि ते लिहिलं जातं हे चांगलंच आहे. पण मी ते असं वाचलं की जणू प्रत्येक ओळ माझ्या नावावर आलेली तक्रार आहे. क्वालिटीतला माणूस, कस्टमर कम्प्लेंट आली की घाम फुटतो. त्यानंतर मी बायकांचा हात असा धरू लागलो की धरला आहे की नाही हे त्यांनाही कळेना. पाठीवर उजवा हात ठेवायचा असतो, खवाटीपाशी, खांद्याच्या पात्यावर. मी तो कपड्यापासून अर्धा इंच हवेत ठेवायचो.

दोन वर्ग असेच गेले. तिसऱ्या वर्गात मॅडम समोर आल्या. क्रॉस बॉडी लीड चालू होतं, म्हणजे बाईला आपल्या समोरून पलीकडे जायला वाट करून द्यायची. मी वाट केली, त्या जागच्या हलल्या नाहीत. पुन्हा केली. पुन्हा नाही. मग थांबून म्हणाल्या, "अहो, मी गरम पातेलं नाही. नीट धरा. तुम्ही मला कुठे न्यायचं म्हणताय ते मला कसं कळणार?"

शेजारची दोघं हसली. मीही हसलो, पण कान तापले. मॅडमनी माझा उजवा तळवा घेऊन स्वतःच्या खवाटीवर ठेवला, शाळेत पोराचा हात पाटीवर ठेवतात तसा, आणि म्हणाल्या, "इथे. आता मी मागे रेलते, तुम्ही तेवढेच रेला." आणि मला एकदम येवल्याची गच्ची आठवली. आमच्याकडे भोगी, संक्रांत आणि करीचा दिवस असे तीन दिवस पतंग चालतात. लहानपणी आसारी, म्हणजे दोऱ्याची फिरकी, धरायला मिळायची, पतंग उडवायला नाही. काका म्हणायचे, दोरा ढिला सोडला की पतंग आपलं ऐकत नाही, आणि ओढून धरलास तर फाटतो. बोटाला वारा लागला पाहिजे. मॅडमच्या पाठीतून तेच येत होतं. वाऱ्यासारखा हलका जोर, उलट बाजूने. त्या रात्री पहिल्यांदा क्रॉस बॉडी लीड झालं, तेही तीनदा.

मी नंतर बराच विचार केला की त्या लिहिणाऱ्या बायकांचं काय चुकलं. काहीच नाही. चूक असली तर ती पोचण्यात आहे. आमच्या बॅचला एक मनगट पिरगाळणारा होता. तो असलं काही वाचत नाही. त्याला वाचायची गरज वाटत नाही, म्हणूनच तो पिरगाळतो. ज्याला ते लागू नाही त्याच्याच ते वर्मी लागतं, आणि तो आधीच अंग चोरून उभा असतो. मॅडम माझ्याशी बोलत होत्या. फोनवर कोणीच माझ्याशी बोलत नव्हतं.

तरी फोनने काहीच दिलं नाही असं म्हणणं नमकहरामी होईल. जे वर्गात कोणी तोंडाने सांगत नाही ते मला तिथे मिळालं. जादा शर्ट घेऊन जावा, दोन गाण्यांनंतर बदलावा. नाचायच्या दिवशी कांदा खाऊ नये (नाशिकच्या माणसाने शुक्रवारी संध्याकाळी मिसळ सोडणं म्हणजे काय ते बाकीच्यांना कळणार नाही). रबरी तळाचा बूट फरशीला चिकटतो आणि वळताना गुडघा पिळवटतो, त्याला खाली स्वेडचं मऊ चामडं लावून घ्यावं. मी मेन रोडवरच्या एका चर्मकाराकडून दीडशे रुपयांत लावून घेतलं, आणि "साहेब, हा घसरेल" असं त्याने चारदा बजावलं. सोशलला, म्हणजे नुसतं नाचायला जमतात तिथे, कोणी 'नाही' म्हटलं तर कारण विचारू नये. नाचता नाचता समोरच्याला शिकवू नये, त्याने विचारल्याशिवाय. आणि कोणीतरी कुठेतरी लिहिलेली एक गोष्ट: लीड करणाऱ्याचं पहिलं वर्ष कठीणच असतं, कारण फॉलो करणारी नवखी बाई चांगल्या लीडच्या हातात दुसऱ्या महिन्यात नाचायला लागते, पण नवख्या पुरुषाला कोणी उचलून नाचवत नाही. हे वाचलं त्या रात्री मला शांत झोप लागली. आमच्या बॅचला १४ जण होते, तीन महिन्यांत सहा उरले. गेलेल्या आठांत सहा पुरुष.

त्यातला एक गेला तो आमच्याच व्हॉट्सॲप ग्रुपमुळे. वर्ग संपला की सर त्या दिवशीचा व्हिडिओ टाकायचे, म्हणजे घरी सराव करता यावा. त्याखाली आमच्याहून सहा महिने जुना एक मुलगा लिहायचा. खांदे ताठ. काउंट गेला. डावा कोपर पाहा. नावानिशी, सगळ्यांसमोर. हेतू वाईट नव्हता. सहा महिन्यांपूर्वी त्यालाच हे सगळं कोणी सांगितलं असेल आणि ते अजून ताजं असेल. पोस्टात काम करणारा एक अबोल माणूस होता आमच्यात, नेहमी पाच मिनिटं आधी येऊन कोपऱ्यात बेसिक करणारा. त्याच्या व्हिडिओखाली "हा डान्स आहे की कवायत?" आलं, पुढे हसरा चेहरा. तीन जणांनी अंगठे दिले. त्यातला एक माझा होता. मी तो सवयीने दिला, ग्रुपवर काहीही आलं की देतो तसा. रात्री पावणेबाराला "ग्रुप सोडला" अशी ओळ आली. पुढे तो दिसला नाही. एकदा रविवार कारंज्यापाशी दिसला, मी हात केला, त्याने पाहिलं नाही किंवा पाहिलं.

आणि तरीही, ग्रुपवर चुका काढणाऱ्या त्याच मुलाने मला सांगितलेली एक गोष्ट मी आजही वापरतो. ते सोशलला घडलं.

सोशल म्हणजे शिकवणी नाही, नुसतं नाचायचं. गंगापूर रोडच्या एका कॅफेत महिन्यातून एका शनिवारी खुर्च्या बाजूला सरकवतात. पंचवीस-तीस माणसं, त्यात काही पुण्याहून आलेली. सालसा, मग बचाटा, मग पुन्हा सालसा. बचाटा हा नाच डोमिनिकन रिपब्लिकचा. २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. पण नाशिकच्या सोशलला त्याचं खरं महत्त्व हे, की त्याचा वेग कमी असतो आणि चौथ्या मात्रेला तिथे पाय टेकवायला मिळतो. माझ्यासारखे सगळे बचाट्याची वाट पाहत भिंतीला टेकून होते. मला तेव्हा चार गोष्टी येत होत्या: बेसिक, राइट टर्न, लेफ्ट टर्न, क्रॉस बॉडी लीड. चार मिनिटांच्या गाण्याला चार गोष्टी.

पुण्याहून आलेली एक बाई, बारा वर्षं नाचणारी, तिने मलाच विचारलं. मी आधीच सांगून टाकलं, मला काही येत नाही. ती म्हणाली, "मग निवांत नाचू." आणि गाणंभर ती निवांत नाचली. माझ्या चार गोष्टींच्या मधल्या जागा तिने स्वतः भरल्या, कधी खांद्याने, कधी नुसत्या पावलाने. माझं काही चुकलं तरी तिच्या चेहऱ्यावर ते उतरलं नाही. एका जागी तुकडा बदलला, ढोल थांबल्यासारखे सगळे तालवादक एकदम थांबले, आणि मी थांबलो. बरोबर चौथ्या मात्रेवर. काही ठरवलं नव्हतं, पायच थांबला. ती मोठ्याने हसली आणि म्हणाली, "अरे वा, ऐकू येतं की तुम्हाला!" बस. त्या वाक्यावर मी पुढचे दोन महिने काढले. गंमत म्हणजे त्या बाईला माझ्यात सुधारण्यासारखं शंभर दिसलं असणार. पॅलेडियम, काँगा सगळं तिला माहीत असणार. तिने मला त्यातलं काहीच बोलून दाखवलं नाही.

पाणी प्यायला बाजूला आलो तर तो मुलगा उभाच. म्हणाला, "सर, क्रॉस बॉडीला तुमचा डावा पाय उघडत नाही. म्हणून समोरच्याला वळसा घालून जावं लागतं." मला अतिशय राग आला. घरी जाऊन आरशासमोर पाहिलं तर खरंच उघडत नव्हता. इतके दिवस मी बायकांना वळसा घालायला लावत होतो आणि मॅडमसकट कोणी बोललं नव्हतं. म्हणजे गप्प बसणारे सगळे शहाणे आणि बोलणारे सगळे आगाऊ, अशी सोपी वाटणी मला करता येत नाही. पण तो पाय मी उघडला तो त्या बाईच्या वाक्याच्या जोरावर. ती नाचली नसती आणि फक्त तोच बोलला असता, तर मी पोस्टातल्या माणसाच्या मागोमाग गेलो असतो.

हिची टाच आता बरी आहे. मार्चमध्ये एका रात्री मी ओट्यापाशी सराव करत होतो तर ही हात पुसत आली आणि म्हणाली, दाखवा. मी हात धरला. गाणं लावलं. पहिल्या आठ मात्रांतच म्हणालो, खांदा सैल सोड. मग म्हणालो, नजर खाली नको. मग, चौथीला थांब, चौथीला थांब. ही थांबली, पूर्णच. म्हणाली, "नाचताय की तपासताय?" कंपनीत गो-नो-गो गेज घालून पार्ट पास की रिजेक्ट पाहायचं हे माझं वीस वर्षांचं काम आहे, हिला ते माहीत आहे. त्यानंतर मी ओठ मिटून नाचलो. तीही बोलली नाही. तिचा खांदा तिसऱ्या गाण्याला आपसूक उतरला.

इतकं सगळं कळूनही काय होतं ते सांगतो. जूनमध्ये नवी बॅच सुरू झाली. पुरुष कमी होते म्हणून सरांनी मला उभं राहायला सांगितलं. सातपूरला नोकरी लागलेला चोवीस वर्षांचा एक मुलगा होता, डिप्लोमावाला, फार उत्सुक. वर्ग सुटल्यावर खाली टपरीवर भेटला आणि म्हणाला, "सर, एक विचारू? ऑन वन चांगलं की ऑन टू? मी थोडं वाचलंय."

माझ्याकडे उत्तर तयार होतं. ते पुढच्या वर्षी करू, एवढंच म्हणायचं होतं. पण पोरगा तबला वाजवणारा निघाला, आणि मी चहाचा दुसरा कप मागवला. काँगाची थाप कुठे पडते ते सांगितलं. क्लावे टपरीच्या पत्र्यावर वाजवून दाखवला. एडी टोरेस सांगितले, पॅलेडियम सांगितलं, समेवर पाय टाकणं आणि समेला वळसा घालून जाणं यातला फरक सांगितला. तो मन लावून ऐकत होता, मोबाइलमध्ये टिपून घेत होता. मला इतकं छान कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं. पाऊण तास झाला, टपरीवाल्याने बाकडं आत घेतलं.

बुधवारी त्याचे पाय एकमेकांत अडकले. बँकेतल्या बाईंच्या बोटावर दोनदा उभा राहिला. माझ्याकडे पाहून हसला, मीही हसलो, आणि जाऊन सांगितलं की खांदे सैल सोड.

शुक्रवारी तो आला नाही. सोमवारीही नाही. सेकंड शिफ्ट लागली असेल.